गोळीच्या नावामागचा ‘एच’: राज्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब आणि डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

फलटणमध्ये माझं मेडिकल आहे. काउंटरमागे उभी राहायला लागून तेवीस वर्षं झाली. तुमच्यासमोरून उठलेला पेशंट दहा-पंधरा मिनिटांत माझ्यासमोर येतो. तुम्ही सांगितलेल्यातलं काय त्याच्या डोक्यात राहिलंय आणि काय दवाखान्याच्या पायरीवरच सांडलंय, हे मला चिठ्ठी वाचता वाचता कळतं. आज मी एका अक्षराबद्दल लिहितेय. बीपीच्या गोळीच्या नावामागे जो ‘एच’ लागतो, त्याबद्दल.

तो एच काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीचं औषध. टेल्मिसार्टन 40 च्या जोडीला साडेबारा मिलिग्रॅम, लोसार्टन 50 च्या जोडीलाही साडेबारा. नावामागे ‘सीटी’ किंवा ‘सीएच’ असेल तर बहुतेक वेळा त्याच जातीचं क्लोरथॅलिडोन. पण ज्याच्या पोटात ती गोळी जाते त्याला हे अक्षर माहीत नसतं. आणि कित्येकदा ते अक्षर मीच कात्रीनं उडवलेलं असतं.

म्हणजे असं. पेशंट म्हणतो, “पाचच गोळ्या द्या, पगार झाला की बाकीच्या नेतो.” मी पट्टी कापते. नाव एका टोकाला, तारीख दुसऱ्या टोकाला. पाच गोळ्यांच्या तुकड्यावर कधी नुसती किंमत येते, कधी अर्धं नाव. घरी गेल्यावर तो तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत पडतो, पिशवी देवळीत किंवा टीव्हीच्या मागे. सहा महिन्यांनी ती पिशवी घेऊन माणूस येतो आणि म्हणतो, “हीच बीपीची, पुढची द्या.”

दर आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत आमच्या गावी येते. त्या दिवशी दुकान पहाटेच उघडतं. पायाला फोड, अंगदुखी, जुलाब आणि संपलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या, याच चार गोष्टी रात्रीपर्यंत. गेल्या वेळी मराठवाड्यातले एक आजोबा आले. कमरेच्या पिशवीतून त्यांनी चांदीच्या कागदाचा तुकडा काढला. त्यात दोन गोळ्या शिल्लक होत्या. तुकड्यावर ‘टेल्मिसार्टन’ एवढं वाचता येत होतं, पुढचं कापलेलं. मी विचारलं, “आजोबा, ह्यात लघवीचं औषध होतं का?” ते म्हणाले, “माय, बीपीची गोळी हाय. डाक्टरनं सांगितलं, खंड पाडू नको.” सकाळपासून त्यांना चार वेळा जुलाब झाले होते. आदल्या दिवशी उन्हात वीसेक किलोमीटर चाल झाली होती.

आता मी काय द्यायचं? नुसतं टेल्मिसार्टन दिलं आणि त्यांना एच चालू असेल, तर बीपीचं औषध अर्धवट झालं. एच दिलं आणि आधी नसेल, तर अंगातलं पाणी आणि मीठ जुलाबावाटे जात असलेल्या माणसाच्या हातात मी लघवीची गोळी ठेवली. त्यांच्या नातवाला फोन लावून घेतला. त्यानं घरून जुन्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. एच होतं. मी आजोबांना ओआरएसची पाकिटं दिली, तळावरच्या वैद्यकीय पथकाकडे पाठवलं आणि तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा म्हणून नातवाचा फोटो त्यांच्याबरोबरच्या माळकऱ्याच्या मोबाइलवर टाकला. पथकातल्या डॉक्टरांनी जुलाब थांबून जेवण सुरळीत होईपर्यंत गोळी बंद ठेवायला सांगितली. आजोबा पुढे पंढरपूरला पोचले, तसा नातवाचा फोन आला. पण हे सगळं नातवानं फोन उचलला म्हणून जमलं.

या पत्रामागे मात्र आजोबा नाहीत. माझी आत्या आहे.

आत्या माण तालुक्यात राहते. वय 74, वजन 41 किलो. आयुष्यभर शेतात राबलेली, खर्डा-भाकरीवर वाढलेली बाई. मार्च संपताना तिचं बीपी 170 च्या वर निघालं. तिथल्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन-एच लिहून दिली, जास्त पॉवरची, एचचा डोस 25 मिलिग्रॅम. गोळीबरोबर सांगितलं, मीठ बंद करा, पाणी भरपूर प्या, उन्हाळा आहे. चिठ्ठीचा फोटो भावानं मला पाठवला आणि महिनाभराच्या गोळ्या माझ्याच दुकानातून एसटीच्या कंडक्टरबरोबर गेल्या. आत्या आज्ञाधारक. तिनं मीठ खरोखर बंद केलं. लोणचं नाही, पापड नाही, भाजीसुद्धा अळणी. पाण्याचा तांब्या उशाशी. कुणी म्हणालं ही पाण्याची गोळी आहे, अंगातलं पाणी काढते, तेव्हा तिनं पाणी आणखी वाढवलं. जातंय तेवढं भरून काढायला.

दहाव्या-बाराव्या दिवशी तिला मळमळायला लागलं. जेवण जाईना. घरचे म्हणाले, ऊन बाधलं. मग डोकं दुखायला लागलं, अंग ठणकायला लागलं, म्हणून कुणीतरी दुखण्याची गोळी आणून दिली. मग ती दिवसभर झोपून राहायला लागली. मग एका संध्याकाळी भावाचा फोन आला की आत्या बरळतेय. मी गेले तेव्हा तिनं मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. शेजारच्या बायका म्हणत होत्या, वात झालाय. एकीनं बाहेरचं काहीतरी असेल असंही सुचवलं. गावातल्या दवाखान्यात दोन दिवस वयामुळे होतं असं सांगून सलाइन लावलं होतं. रक्त कुणी तपासलं नव्हतं.

मोठ्या गावी नेल्यावर रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, आलं 111. नॉर्मल 135 ते 145.

मी बी.फार्म. आहे, डॉक्टरसाहेब. परीक्षेत मी हे लिहून मार्क मिळवलेत. तरी ती पट्टी माझ्या हातानं पार्सल झाली, आणि आत्याला फोन करून “पंधरा दिवसांनी सोडियम-पोटॅशियम बघ” एवढं एक वाक्य मी बोलले नाही. चिठ्ठीवर ते नव्हतं, मलाही सुचलं नाही. त्यामुळे हे पत्र तुमच्याकडे बोट दाखवण्यासाठी नाही. चूक तुमच्या टेबलापासून माझ्या काउंटरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी झाली, आणि त्या वाटेवर आपण दोघंही उभे आहोत.

आयसीयूमधल्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. तीन टक्क्यांचं सलाइन मशीनवर मोजून, थेंबाथेंबानं. सोडियम खाली आलंय म्हणून झटक्यात वर चढवायचं नाही. चोवीस तासांत आठ-दहाच्या वर वाढलं तर मेंदूतल्या पेशींना कायमची इजा होऊ शकते. माणूस शुद्धीवर येतो आणि नंतर त्याचे हातपाय, बोलणं, गिळणं जातं. दर चार तासांनी रक्त काढत होते. आत्याच्या दोन्ही हातांच्या कोपरांशी काळेनिळे डाग पडले होते. तिसऱ्या दिवशी तिनं मला माझ्या नावानं हाक मारली आणि विचारलं, “म्हशीला पाणी दाखवलं का?” मी बाहेर येऊन रडले.

आत्या आज बरी आहे. तिला ॲम्लोडिपिन ही दुसऱ्या जातीची बीपीची गोळी चालू आहे, बीपी 138 च्या आसपास असतं.

हे वाचून कुणी पेशंटनं आपली एचची गोळी बंद करू नये, ही माझी पहिली काळजी आहे. खुलं पत्र म्हटल्यावर ते पेशंटही वाचणार. फोनवर फिरणारा एखादा निरोप वाचून बीपीची गोळी सोडलेली आणि लकवा मारलेली माणसं मी पाहिलीत. आमच्या गल्लीत दोन आहेत. म्हणून सांगते, हे औषध चांगलं आहे. जुनं आहे, स्वस्त आहे आणि त्यानं जेवढे जीव वाचवलेत तेवढे फार थोड्या औषधांनी वाचवले असतील.

एचच्याच जातीचं क्लोरोथायझाइड 1958 मध्ये बाजारात आलं, हायड्रोक्लोरोथायझाइड पाठोपाठ 1959 मध्ये. त्याआधी अंगावरची सूज उतरवायला पाऱ्याची इंजेक्शनं देत. 1967 साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या अभ्यासाचा निकाल आला. खालचं बीपी 115 ते 129 असलेले 143 पुरुष. निम्म्यांना हायड्रोक्लोरोथायझाइड, रिसर्पिन आणि हायड्रालाझिन, निम्म्यांना खोट्या गोळ्या. खोट्या गोळ्यांच्या गटात 27 जणांना मोठा झटका बसला, औषधाच्या गटात दोघांना. उपचारानं माणूस वाचतो हे तिथे पहिल्यांदा लख्ख दिसलं. त्यातलं रिसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतलं द्रव्य. तिचा बीपीवरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला होता. त्या अभ्यासात मुंबईतल्या कामाचा असा धागा आहे हे मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

पुढे 1991 मध्ये साठीच्या वरच्या माणसांवर क्लोरथॅलिडोनचा अभ्यास झाला. फक्त वरचं बीपी वाढलेली माणसं, म्हणजे आपल्या गावोगावच्या म्हाताऱ्यांसारखीच. लकव्याचं प्रमाण 36 टक्क्यांनी उतरलं. 2002 मध्ये तेहतीस हजारांवर लोकांच्या अभ्यासात हीच जुनी गोळी नव्या, महाग गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली. 2008 मध्ये तर ऐंशीच्या पुढच्यांना साधारण याच जातीचं इंडापामाइड देऊन पाहिलं आणि मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे माझ्या आत्याच्या वयाच्या माणसाला हे औषध द्यायचंच नाही, असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला अधिकारही नाही आणि ते खरंही नाही.

माझं म्हणणं एवढंच की या सगळ्या अभ्यासांत पेशंटचं रक्त ठरलेल्या तारखांना तपासलं जात होतं. आपण गोळी तिकडची घेतली, तारीख घेतली नाही.

आता त्या “पाण्याच्या गोळी”बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते निम्मा घोटाळा या नावात आहे. आपण सोपं करून सांगायला जातो की ही गोळी अंगातलं पाणी काढते. ऐकणाऱ्याला दोनच गोष्टी सुचतात. एक, पाणी जातंय तर जास्त प्यायला हवं. दोन, प्रवासाच्या दिवशी गोळी नको. पण ही गोळी मुळात मीठ काढते. मूत्रपिंडाच्या नळीच्या ज्या भागात लघवी पातळ होते, नेमकं तिथेच ती सोडियम परत रक्तात यायचं थांबवते. त्यामुळे मीठ बाहेर जातं आणि जादा प्यालेलं पाणी पातळ लघवी करून टाकून देण्याची मूत्रपिंडाची ताकद कमी होते. अशा बाईला मीठ बंद करून चार लिटर पाणी प्यायला सांगणं म्हणजे भांड्यातलं मीठ काढत राहायचं आणि वरून पाणी ओतत राहायचं. सगळ्यांचं असं होत नाही. पण वय जास्त, बाईमाणूस, वजन कमी, जेवण जेमतेम, या चार गोष्टी एकत्र आल्या की होतं, आणि बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच होतं. आपल्या दुष्काळी भागातल्या म्हाताऱ्या बायका आठवून पाहा. या चारही गोष्टी एकाच बाईत सापडतात.

म्हणून कृपा करून “मीठ बंद” म्हणू नका, “मीठ कमी” म्हणा आणि किती ते सांगा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे घरातल्या प्रत्येकी एक सपाट चहाचा चमचा, तोही स्वयंपाकातलं, लोणच्यातलं, फरसाणातलं सगळं धरून. मीठ फार खाल्लं तर एचचा जोर कमी पडतो आणि पोटॅशियम जास्त जातं, हेही खरंच आहे. आणि पाणी? तहान लागेल तेवढं. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात राबणाऱ्याला जास्त लागेल, फलटणला पंख्याखाली बसणाऱ्या आजीला कमी लागेल. आकडा सांगितला की माणसं तांब्यांचा हिशेब धरून पितात.

प्रवासाचं तर मी रोज पाहते. बायका बीपीची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा चुकवतात, कारण एसटीत चार तास जायचं असतं आणि मध्ये धड जागा नसते. त्या हे तुम्हाला सांगत नाहीत, लाजतात. मला सांगतात, तेही दुकानात दुसरं कुणी नसलं तर. लघवीचा जोर पहिल्या काही दिवसांचा असतो, नंतर बराच उतरतो, आणि बीपीवरचा परिणाम त्यावर अवलंबून राहत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. गोळी सकाळी घ्या म्हणजे रात्री उठावं लागणार नाही, हे मात्र सगळे सांगतात आणि ते उत्तम आहे. रात्री अंधारात मोरीकडे जाताना पडून खुबा मोडलेल्या दोन आजी मला माहीत आहेत. प्रवासाच्या दिवशी गोळी घरी पोचल्यावर घेतली तर चालेल का, एवढं एक वाक्य तुम्ही आपणहून बोललात तर कितीतरी चुकलेल्या गोळ्या पोटात जातील.

दुसरी गोष्ट दुखण्याच्या गोळ्यांची. यात माझ्या धंद्याचा दोष मोठा आहे, तो मी नाकारत नाही. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन हे लोक चिठ्ठीशिवाय मागतात आणि मिळतंही. टेल्मिसार्टन, एच आणि वरून ही गोळी, असे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. त्यात जुलाब किंवा ऊन असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, चार दिवसांत चढतं. माझ्या दुकानात आता नियम आहे की दुखण्याची गोळी मागणाऱ्याला आधी विचारायचं, बीपीची कुठली घेता? पण त्याला माहीतच नसतं. पुन्हा ते कापलेलं अक्षर आड येतं.

एका निवृत्त एसटी ड्रायव्हरची फाइल माझ्या डोळ्यांसमोर मोठी होत गेली. बीपीसाठी एचची गोळी चालू झाली. वर्षभरात पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, चादरीचा स्पर्श सोसेना. दुसऱ्या डॉक्टरांनी युरिक ॲसिडची गोळी दिली आणि दुखण्याची दिली. दुखण्याच्या गोळीनं बीपी वाढलं, म्हणून तिसरीकडे बीपीचा डोस वाढला, म्हणजे एचही वाढलं. युरिक ॲसिड आणखी वर गेलं. पित्त झालं म्हणून पित्ताची गोळी आली. पाच चिठ्ठ्या, तीन डॉक्टर, आणि प्रत्येकानं आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं. मी त्या सगळ्या चिठ्ठ्या एका कागदाला टाचून त्यांना पहिल्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. त्यांनी एच काढून लोसार्टन आणि ॲम्लोडिपिनवर आणलं. लोसार्टननं युरिक ॲसिड थोडं उतरतं, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. सहा महिन्यांत दोन गोळ्या कमी झाल्या. त्या डॉक्टरांनी चिडून फोन ठेवला नाही, “बरं झालं सांगितलंत” म्हणाले. अशी माणसं तुमच्यात भरपूर आहेत, म्हणूनच हे पत्र लिहायला धीर आला.

पोटॅशियमचं थोडक्यात सांगते. पोटऱ्यांत गोळे येणं, जिना चढताना पाय गळून जाणं, छातीत धडधड. याला आमच्याकडे सर्रास अशक्तपणा म्हणतात आणि टॉनिक मागतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याचं पोटॅशियम उतरलं तर जिवाशी खेळ होतो. उलट बाजूनं, “लो सोडियम” म्हणून जे मीठ विकलं जातं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन घेणाऱ्या आणि किडनी कमजोर असलेल्या माणसानं ते स्वतःच्या मनानं सुरू करू नये. किडनीच्या पेशंटला शेजारणीच्या सल्ल्यानं रोज शहाळं पाजणारी घरंही मी पाहिलीत. पोटॅशियम वरही जातं आणि खालीही, दोन्हीकडे धोका आहे, आणि चेहरा बघून कुणालाच आकडा कळत नाही.

हल्ली कंपन्यांची माणसं क्लोरथॅलिडोनचा आग्रह धरतात, म्हणून हेही लिहिते. ते दीर्घकाळ टिकतं हे बरोबर. पण 2022 मध्ये अमेरिकेत पासष्टीच्या वरच्या साडेतेरा हजार माजी सैनिकांवर दोन्हींची तुलना झाली. हार्ट अटॅक, लकवा यांत फरक निघाला नाही. पोटॅशियम कमी होण्याचं प्रमाण क्लोरथॅलिडोनमध्ये 6 टक्के, हायड्रोक्लोरोथायझाइडमध्ये 4.4 टक्के. दुसरीकडे, किडनी बरीच उतरलेल्यांमध्ये एचचा उपयोग कमी होतो आणि तिथे क्लोरथॅलिडोन काम करतं, असं 2021 च्या अभ्यासात दिसलं. कुणाला काय द्यायचं ते तुमचं शास्त्र. फक्त सीटी लिहून दिलं की तपासणीची तारीख आणखी जपायला हवी, एवढंच मला म्हणायचं आहे.

मग मी मागतेय काय?

गोळी सुरू करण्याआधी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन एकदा. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत पुन्हा एकदा, डोस वाढवला तर पुन्हा, आणि सगळं ठीक असेल तर वर्षातून एक-दोनदा. हे तुम्हाला माहीत आहे. माझी विनंती ही की ती तारीख चिठ्ठीवर लिहा. “नंतर रक्त तपासू” असं तोंडी नको. “20 तारखेला सोडियम-पोटॅशियम” असं, गोळीच्या नावाखालीच. चिठ्ठीवर तारीख असली की ती माझ्याही डोळ्यांसमोर येते आणि मी पुढचा महिना देताना विचारू शकते, रिपोर्ट झाला का? नुसतं तुमच्या मनात असलं तर मी काहीच करू शकत नाही. परवडत नाही म्हणणाऱ्याला सरकारी दवाखान्याचं नाव लिहून द्या. आयसीयूच्या एका दिवसाच्या खर्चात अशा तपासण्या कितीतरी वर्षं होतील. आत्याच्या घरी त्या पाच दिवसांसाठी म्हैस विकली.

नावात नुसतं अक्षर नको. कंपनीच्या नावाखाली एका ओळीत मराठीत लिहा, “यात लघवीचं औषध आहे.” गावाकडे चिठ्ठी वाचणारं घरात कुणीतरी असतंच, नातवंडं वाचतात.

आणि आजारपणाचा नियम. जुलाब, उलट्या, ताप येऊन जेवणखाण बंद पडलं तर ही गोळी थांबवायची आणि लगेच तुम्हाला फोन करायचा. खाणं-पिणं सुरळीत झालं की तुम्ही सांगाल तशी पुन्हा सुरू. तुमचे अनेक पेशंट “खंड पाडू नका” हे वाक्य इतकं पक्कं धरून बसलेत की उलट्या होत असतानाही गोळी घेतात, आणि ओकून पडली तर दुसरी घेतात. निर्जळी एकादशी करणाऱ्या, नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या बायकांनाही हे वेगळं विचारायला हवं. उपवास करता का, एवढा प्रश्न पुरतो. तुम्ही विचारलंत तर त्या सांगतात.

आधीच्या गोळ्यांची पिशवी एकदा टेबलावर ओतून घ्या. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्याला एच दिलं तर लिथियम रक्तात साचतं. फिटच्या कार्बामाझेपिननं, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी सोडियम आधीच खाली येत असतं. या गोळ्या माणसं लपवतात, विशेषतः सासू किंवा सून बरोबर असली तर. सल्फाची ॲलर्जी आणि पूर्वी अंगठा सुजला होता का, हेही त्याच वेळी विचारून होईल.

आणि डोस लहानच ठेवा. सुरुवातीच्या काळात ही गोळी 50, 100 अशी दिली जायची आणि दुष्परिणामांची बरीच बदनामी त्या काळातली आहे. साडेबारानं बहुतेकांचं काम होतं. 41 किलोच्या बाईला पहिल्याच दिवशी 25 कशाला? हा प्रश्न आत्याच्या डॉक्टरांना मी समोर बसून विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले.

भारत हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा सरकारी कार्यक्रम महाराष्ट्रात पहिल्यांदा ज्या चार जिल्ह्यांत आला त्यांत आमचा सातारा होता, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडाऱ्याबरोबर. ठरावीक थोडीच औषधं, ठरलेल्या पायऱ्या, पेशंटचं कार्ड, आणि कुणी आलं नाही तर फोन. आरोग्य केंद्रातून आलेल्या पेशंटच्या हातात निदान कार्ड असतं, मागच्या वेळचं बीपी त्यावर असतं. खासगी दवाखान्यातून आलेल्याच्या हातात चुरगळलेली चिठ्ठी असते. खासगीत उपचार घेणारी माणसं इतकी आहेत की तुमच्या टेबलावर तसं कार्ड सुरू झालं तर तालुक्याचं चित्र बदलेल. छपाईचा खर्च आमच्या केमिस्ट मंडळींनी वाटून घ्यावा असं मी आमच्या बैठकीत मांडलंय. तिघांनी होकार दिलाय.

माझ्याकडून मी हे सुरू केलंय. बीपीची पट्टी कापायची नाही. दहा गोळ्यांचे पैसे नसतील तर पट्टी अख्खी द्यायची आणि राहिलेले वहीत मांडायचे. एच, सीटी, सीएचच्या प्रत्येक पट्टीवर पिवळी चिठ्ठी चिकटवायची. त्यावर “लघवीचं औषध. जुलाब-उलटीत डॉक्टरांना विचारा. दुखण्याची गोळी स्वतःहून नको” एवढंच. पहिल्यांदा सुरू होत असेल तर फोन नंबर घेऊन पंधराव्या दिवशी मुलगी फोन करते, जेवण जातंय का, मळमळ, गरगर, विसरायला होतंय का. गेल्या चार महिन्यांत तिनं दोघींना परत तुमच्यापैकी दोघांकडे पाठवलं. एकीचं सोडियम 124 निघालं. ती चालत आली होती आणि चालतच घरी गेली.

आषाढात पालखी पुन्हा येईल. तुमच्या दवाखान्यातून वारीला निघणारी माणसं ज्येष्ठात गोळ्या भरून घ्यायला येतात. तेव्हा त्यांच्या चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव, मिलिग्रॅम आणि तुमचा फोन नंबर स्वच्छ अक्षरात लिहून द्या, आणि ती चिठ्ठी कमरेच्या पिशवीत ठेवायला सांगा. आमचं दुकान पालखीच्या वाटेवरच आहे. रात्री कितीही वाजता चिठ्ठीवरचा नंबर मी लावीन. तुम्ही तेवढा उचला.

आपली,
फलटणमधील एक औषधविक्रेती